मे महिन्यातली टेकडी

वेताळ टेकडीचे फोटो लोक जुलै-ऑगस्टमध्ये टाकतात. हिरवंगार गवत, धुकं, खाणीत साठलेलं पाणी, आणि खाली 'आमचं पुणे' वगैरे. मे महिन्यातले फोटो कुणी टाकत नाही, आणि टाकण्यासारखं असतं तरी काय म्हणा! गवत वाळून करडं पडलेलं, वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या नुसत्या काड्या उभ्या, पायाखाली मुरूम आणि फुफाटा, खाणीच्या तळाशी शेवाळलेलं उरलंसुरलं पाणी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरातली सगळ्यात उंच जागा. पण मेमध्ये वर जाऊन खाली बघितलं तर इमारतींवर धुळीचा तवंग तेवढा दिसतो.

माझी आणि टेकडीची खरी ओळख अशाच एका मेमधली. त्याआधी कोथरूडमध्ये इतकी वर्षं राहून मी वर गेले असेन ती फक्त गावाहून पाहुणे आले की. त्यांना वेताळाचं देऊळ दाखवायचं, मोर दिसला तर दाखवायचा, आणि उतरून मिसळ खायला न्यायचं.

मला डिप्रेशन होतं. 'होतं' म्हणायचं की 'आहे', हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. गोळी चालू आहे, डोस कमी झालाय, एवढं खरं.

कारण विचाराल तर सांगता येणार नाही, आणि लोकांना नेमकं तेच हवं असतं. सासू छळत नाही, नवरा पीत नाही, मुलगा शिकतोय, घराचे हप्ते फिटलेत. 'मग काय कमी आहे तुला?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की मीही स्वतःला तोच विचारायला लागले. पहाटे साडेतीनला डोळे उघडायचे आणि दळण सुरू व्हायचं. तेच पीठ, तेच जातं. ऑफिसात कोण काय बोललं, पंधरा वर्षांपूर्वी मी कुणाला काय बोलले, मुलाच्या दहावीच्या वर्षी मी काय करायला हवं होतं. उजाडेपर्यंत हे चालायचं. भाजीवाल्यासमोर गवार घ्यावी की भेंडी हे ठरेना म्हणून एकदा पिशवी रिकामी घेऊन परत आले.

मी अकाउंट्समध्ये आहे. आकड्यांची मला कधी भीती वाटली नाही. त्या दिवसांत मात्र बिलाचा नंबर एका स्क्रीनवर वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाकेपर्यंत मधले आकडे गळून जायचे. मार्च एंडिंग कसंबसं, सवयीच्या जोरावर रेटलं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी अंथरुणातून उठणंच बंद केलं.

यात एक गोष्ट सांगायला हवी, ती आदल्या पावसाळ्यातली. घरचे सगळे ताम्हिणीला गेलो होतो. गाड्यांची रांग, भाजलेली कणसं, रस्त्यालगत कोसळणारे धबधबे, त्याखाली नाचणारी पोरं. सगळे 'वा! वा!' करत होते. मी बघत होते. पाणी वरून खाली पडतंय, एवढंच कळत होतं. त्यापुढे आत काही हललंच नाही. फोटोत हसायचं म्हणून हसले आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. सुंदर गोष्टीसमोर उभं राहून काहीही न वाटणं हे घरात पडून राहण्यापेक्षा वाईट असतं. घरात निदान भिंतींना दोष देता येतो. आनंद वाटण्याची ताकदच आटणं हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, आपल्यातच काहीतरी मेलंय.

म्हणून 'जरा निसर्गात जा, मोकळी हवा घे, बरं वाटेल' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. जाऊन आले होते की!

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घेतलं, मग गोळी सुरू केली. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, तोवर मळमळ वगैरे होईल, मधेच बंद करू नका, असं बजावलं. चालायला जा असं मुळीच म्हणाले नाहीत. म्हणाले, 'चालायचे बूट काढून दाराशी ठेवा. या आठवड्यात तेवढंच काम.' मला राग आला होता. एवढी फी घेऊन बूट दाराशी ठेवायला सांगतात! आता कळतं की मला तेव्हा झेपेल असं काम तेवढंच होतं. बरं वाटलं की कामाला लागू, अशी वाट बघत बसायचं नाही. आधी लहानसं काम, बरं वाटायचं तेव्हा वाटेल. मानसोपचारात ही रीतसर पद्धत आहे.

बूट दाराशी होते, ते माझ्या नणंदेने पाहिले. ताई पोस्टातून निवृत्त, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, स्वभावाने तिखट. आमचं फार सख्य होतं असं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्यांनी खालून हाक मारली, 'अगं, उतर खाली. स्कूटर चालू ठेवलीये, पेट्रोल जळतंय.'

त्या पेट्रोलसाठी मी उतरले. खरंच. टेकडीसाठी नाही, तब्येतीसाठी तर नाहीच. कुणाचं तरी पेट्रोल आपल्यापायी जळतंय हे अकाउंट्सच्या बाईला सहन होत नाही.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने आम्ही वर जायचो. ताई वाटेत आजाराबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. पेन्शन, गुडघे, सोसायटीच्या टाकीची गळती, असल्या गप्पा, आणि त्याही त्यांच्या एकट्याच्याच. मी हं हं करायचे. पहिले कित्येक दिवस मला टेकडीवर काही म्हणजे काही वाटलं नाही. पण ताम्हिणीला वाटलं नव्हतं तसं ते बोचलं नाही. मेमधल्या टेकडीकडे बघून 'वा' म्हणायची सक्ती कुणी करत नाही. ती स्वतःच मेटाकुटीला आलेली असते. तिथे कोरड्या चेहऱ्याने फिरणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?

मग एकदा ताईंनी दंड धरून मला थांबवलं. माझं पुढचं पाऊल जिथे पडणार होतं तिथून दीड-दोन हातांवर पालापाचोळा आणि दगड होते, बाकी काही नाही. 'बघ,' त्या कुजबुजल्या. मी बघत राहिले, काही दिसेना. मग त्या पाचोळ्यातलं एक पान श्वास घेताना दिसलं. रातवा. जमिनीला चिकटून बसलेला, करडा, तपकिरी, मधूनच काळ्या रेघा, डोळे मिटल्यासारखे, पण पापणीच्या फटीतून आमच्यावर लक्ष. चोच इवलीशी, तिच्याभोवती ताठ केस. त्याच्या छातीचं हलणं दिसत होतं. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि त्यांच्यावर असा बसून राहतो, हे ताईंनी मागे सरकल्यावर सांगितलं. आम्ही लांबून वळसा घालून गेलो.

मला आनंद झाला का? नाही. पण स्कूटरवर परत येताना ध्यानात आलं की मघापासून जातं बंद होतं. किती वेळ ते माहीत नाही. रातवा शोधताना मी पंधरा वर्षांपूर्वी कुणाला काय बोलले ते आठवत नव्हते. डोळे शोधत होते, तेवढंच चाललं होतं.

यावर मी पुढे बरंच वाचलं. वाचायची शक्ती आली तेव्हा. मिशिगन विद्यापीठात रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने अनेक वर्षं एक विचार मांडला. ऑफिसच्या कामाला, रहदारीला आपण मुद्दाम ताणून लक्ष देतो, ते थकतं. पानांची हालचाल, पाखराचा आवाज यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, आणि तेवढ्यात ताणलेल्या लक्षाला विसावा मिळतो. तिथल्याच मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा शहराच्या रस्त्यांवरून चालवलं, आणि आकड्यांची मालिका ऐकवून उलट्या क्रमाने म्हणायला लावली. बागेतून आल्यावर निकाल सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. रस्त्यावरून आल्यावर तसं झालं नाही. पण माझ्या कामाची गोष्ट पुढची आहे. काही जण कडाक्याच्या जानेवारीत चालले, त्यांना ते चालणं मुळीच आवडलं नाही, तरी फायदा उन्हाळ्यात मजेत चाललेल्यांइतकाच झाला.

हे वाचून मी मोठ्याने हसले होते. म्हणजे आवडलंच पाहिजे असं नाही! त्यांचा जानेवारी, माझा मे.

याच मंडळींनी २०१२ साली डिप्रेशनच्या २० रुग्णांवर तोच प्रयोग केला. चालायला सोडण्याआधी त्यांना मनाला लागलेली एखादी गोष्ट मुद्दाम आठवायला लावली. एकटं चालताना माणूस उलट जास्तच कुढत बसेल, अशी शंका कुणालाही यावी. पण बागेत चालून आल्यावर त्यांची आकड्यांची स्मरणशक्ती शहरात चालल्यापेक्षा स्पष्ट सुधारली. बिलाचे नंबर गळणारी माणसं असणार तीही. आणखी एक, स्टॅनफर्डचा, २०१५ सालचा. ग्रेगरी ब्रॅटमन यांनी ३८ जणांपैकी निम्म्यांना दीड तास गवताळ माळावर आणि निम्म्यांना वाहनांच्या हमरस्त्याकडेने चालवलं. माळावरून आलेल्यांचं मनातलं दळण कमी झालं, आणि त्या दळणाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावलेली दिसली. तो माळ म्हणजे काही घनदाट अरण्य नव्हे, गवत आणि मधूनमधून झाडंझुडपं. फक्त हे सगळे लोक धडधाकट होते, त्यामुळे माझ्यासारख्यांना तो निकाल जशाच्या तसा लावता येत नाही, हेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रयोग 'जंगलात जा, गोळ्या सोडा' अशा स्वरूपात फिरतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

गोळ्या सोडू नका. टेकडीने मला बरं केलं असं मी म्हणत नाही. गोळीने मला जिना उतरण्याइतकं केलं आणि टेकडीने पुढचं पाहिलं. कुणाचा वाटा किती, याचा हिशेब मांडता येत नाही, आणि हे मी बोलतेय जिचा पगारच त्या कामाचा आहे. आजार फार वाढलेला असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पहाटे टेकडी नाही, आधी डॉक्टर. तेही सुचत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

मेच्या शेवटी टेकडीवर आवाज वाढले. पावशा दिवसभर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ओरडायला लागला. खाली गोखलेनगरात कोण काय पेरणार, पण तो आपला सांगतोय. झाडोरा अजून उघडा असल्यामुळे पाखरं लपत नाहीत. वेडे राघू, कोतवाल, सातभाईंची भांडकुदळ टोळी, सगळं दिसतं. पावसाळ्यात पानं आली की नुसते आवाज उरतात. नवरंग मी अशीच पाहिली, गिरिपुष्पाखालच्या पाचोळ्यात उड्या मारत अळ्या शोधताना. पाठ हिरवी, पोट पिवळसर, बुडाशी लाल, पंखात निळा. ही पाखरं दक्षिणेकडून पावसाच्या तोंडावर येतात. तिला बघून मी ताईंना न राहवून म्हटलं, 'किती सुंदर आहे हो!' म्हटल्यावर आम्ही दोघीही थबकलो. ताईंनी नाक ओढलं आणि टाकीच्या गळतीचा विषय पुढे चालू केला.

गिरिपुष्पाबद्दल ताईंचं आणि माझं अजून भांडण आहे. ते मध्य अमेरिकेतलं झाड, झपाट्याने वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं, आणि आता त्याच्याखाली सलई, मोई, गणेर अशा इथल्या झाडांना जागा मिळत नाही. ताई त्याला उंदीरमारी म्हणतात आणि संधी मिळाली तर सगळी मुळासकट काढतील. मी नवरंग त्याच्याच पाचोळ्यात पाहिली, म्हणून माझा थोडा ओढा त्याच्याकडे. जाणकारांनी ताईंच्याच बाजूने कौल द्यावा, माझी हरकत नाही.

मृगाचा पाऊस पडला, वाटांवर ते लाल मखमली किडे आले, आणि मग गर्दी आली. चार दिवसांत टेकडी हिरवी झाली, रील काढणारे आले, आणि माझी तब्येत पुन्हा ढासळली. सलग ढगाळ दिवस, ऊन नाही, साडेतीनची जाग परत. डॉक्टरांनी डोस वाढवला. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं, तो कमी पडला की काहींना त्रास होतो, असं ते म्हणाले. शिवाय सगळ्या हिरवाईत पुन्हा ती ताम्हिणीची धास्ती होतीच: आता तरी छान वाटायला हवं! मग आम्ही गर्दीची वाट सोडली. छत्री घेऊन, पायाखालचं बघत, हळू. घड्याळ लावून पावलं मोजण्याचा प्रयोगही मी त्याच सुमारास केला आणि सोडला. दहा हजार भरली नाहीत की संध्याकाळी ते मनगटावरून मला नापास करायचं. आधीच परीक्षक कमी होते का?

बायकांना एक सांगते. टेकडीवर एकट्याने, अंधारात, खाणीच्या पलीकडे जाऊ नका. दागिने घरी ठेवा. 'एकांतात निसर्गाशी संवाद' असलं लिहिणारे बहुधा पुरुष असतात. मला तिथे सोबत लागली आणि सोबतीमुळे निसर्ग कमी झाला नाही.

टेकडीवरून योजलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे यांचा वाद तुम्हाला माहीत असेल. माझी बाजू उघड आहे, टेकडीची; मीही विरोधात सह्या केल्या आहेत. रहदारीचा प्रश्न खोटा नाही, लॉ कॉलेज रोडवर मीही रोज अडकते. पण टेकडी कुणाच्या किती कामाची, हे मांडायला त्या प्रकल्पाच्या कागदांत रकानाच नसतो.

इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवरून २०१९ साली एक आकडा पुढे आला: आठवड्याला निसर्गात एकूण किमान १२० मिनिटं घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान चांगलं आढळलं, मग ती मिनिटं एका दमात असोत की तुकड्यातुकड्याने. फिरल्याने बरं वाटतं की बरं वाटणारेच फिरतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी तुकड्यातुकड्याने चालतं हे मला आवडलं, आणि परवा मावसबहिणीला मी तेच सांगितलं.

ती नागपूरला असते. तिचंही माझ्यासारखंच सुरू झालंय. आवाजावरून ओळखलं, मग तिने कबूल केलं. डॉक्टरांकडे जाऊन आली, गोळी सुरू झाली. मी तिच्या दाराशी स्कूटर घेऊन उभी राहू शकत नाही, म्हणून पहाटे पाच-वीसला फोन करते. तब्येत विचारत नाही. गॅसचे भाव, तिच्या सुनेची नोकरी, आमची सोसायटीची टाकी (अजून गळतेय) असं बोलत राहते, तिने बूट घातले की ठेवते. सेमिनरी हिल्सची टेकडी तिच्या घरापासून जवळ आहे. 'अगं, मे महिन्यात? नागपुरात?' ती पहिल्यांदा म्हणाली. 'पंचेचाळीसच्या वर जातो पारा. झाडाला पान नसतं.' मी म्हटलं, पहाटे नसतो ना तेवढा, आणि पान नसलं तर पाखरं दिसतात.

काल तिचा मेसेज आला. गेटपर्यंत गेली होती, कुत्री अंगावर आली म्हणून परतली. मी कळवलं, काठी घे.